छतावर सोलर आहे तरी लाईट गेली की घरात अंधार का? मग त्याचा उपयोग काय?

कारण तुमची सिस्टीम बहुतेक ऑन-ग्रिड आहे, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनीला (ग्रिडला) जोडलेली, आणि पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा तिचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाईट गेली की मुद्दामच बंद होतो, मग बाहेर कितीही कडक ऊन असो. मी हेच इन्व्हर्टर बसवायचं काम करतो, हा प्रश्न जवळपास प्रत्येक कस्टमर विचारतो. लाईन दुरुस्त करायला वायरमन खांबावर चढलेला असतो, त्याच्या हिशोबाने लाईन बंद, आणि तुमच्या छतावरून त्याच लाईनीत करंट गेला तर त्याच्या जिवावर बेतेल, म्हणून ग्रिड गेल्यावर 2 सेकंदांच्या आत सप्लाय तोडायचा असं आयईईई 1547 या, ग्रिडला जोडायच्या अशा सिस्टीमसाठीच्या, स्टँडर्डमध्येच आहे. शिवाय हा इन्व्हर्टर ग्रिडचं व्होल्टेज अन् फ्रिक्वेन्सी बघूनच आपली वीज जुळवतो, समोर काही नसेल तर जुळवणार कशाशी?

उपयोग बिलात आहे, बॅकअपमध्ये नाही. दिवसा बनलेली वीज घरात वापरायची, नेट मीटरिंग असेल तर उरलेली ग्रिडला जाऊन बिलातून वजा होते, इंधन लागत नाही, अधूनमधून पॅनल धुतले की झालं. रात्री मात्र शून्य. आणि ऊन जितकं तापेल तितकी वीज जास्त असंही नाही बरं का, पॅनलचं तापमान 25 डिग्रीच्या वर गेलं की दर डिग्रीला साधारण 0.3 ते 0.4 टक्के आउटपुट घटतं.

बॅकअप हवाच असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींसोबत चालणारा) आणि बॅटरी घ्यावी लागेल, खर्च बराच वाढतो. फक्त एक, काही ऑन-ग्रिड मॉडेलमध्ये बॅटरीशिवायही दिवसा एखादा सॉकेट चालू ठेवायची सोय असते, तेव्हा आधी तुमच्या इन्व्हर्टरची डेटाशीट बघा.