दिवाळीच्या खरेदीत जेवायची वेळ आधी ठरवा

ताई, तुम्ही लिहिलंय की दिवाळीच्या सुट्टीतला एक अख्खा दिवस खरेदीला ठेवलाय. सकाळी कोल्हापुरात कावळा नाक्याजवळचा डीवायपी सिटी मॉल, दुपारनंतर राजारामपुरी आणि शेवटी महाद्वार रोड. बरोबर सासूबाई आहेत, त्यांना शुगर आहे आणि गोळ्या चालू आहेत. आठ आणि बारा वर्षांची दोन मुलं आहेत, त्यांना मॉल म्हटलं की बर्गर आणि फ्राईजच आठवतात. मिस्टरांचं म्हणणं, "एका दिवसानं काय होतंय?" आणि तुमचा प्रश्न असा की फूड कोर्टात नेमकं काय मागवावं.

मी बरीच वर्षं आहारशास्त्र शिकवलं आणि घरात मधुमेहाचं माणूसही सांभाळलं. त्यावरून सांगते, अशा दिवशी काय खायचं यापेक्षा कधी खायचं हे आधी ठरवा. खरेदीत जेवण बिघडतं ते वेळ टळल्यामुळे. "एवढं एक दुकान बघू आणि मग जेवू" असं म्हणता म्हणता तीन वाजतात. पोरं किरकिर करायला लागतात आणि मग समोर जे तळलेलं, गरम आणि लगेच मिळणारं दिसेल ते ताटात येतं. त्या भुकेला इडली सुचत नाही. म्हणून निघतानाच सगळ्यांना सांगून टाका, एक वाजता जेवायला बसायचं, ट्रायल रूममध्ये कुणी असलं तरी. सुट्टीत फूड कोर्टाची खरी गर्दी त्यानंतर होते, त्यामुळे लवकर गेलात तर टेबलही मिळेल.

घरातून उपाशीपोटी, नुसत्या चहा-बिस्किटावर निघू नका. शाळूची भाकरी, मटकीची उसळ आणि वाटीभर दही एवढं पोटात असलं तर माणूस एक वाजेपर्यंत आरामात टिकतो. भाकरी करायला वेळ नसेल तर थालीपीठ नाहीतर उकडलेली अंडी. नुसते पोहे खाऊन निघालात तर अकरालाच भूक लागते. पोहेच करायचे असतील तर त्यात शेंगदाणे आणि मोडाचे मूग भरपूर घाला.

आता सासूबाईंचं. इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण "एका दिवसानं काय होतंय" हे त्यांच्या बाबतीत अजिबात लागू होत नाही. त्यांच्या गोळीत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, किंवा त्या इन्सुलिन घेत असतील, तर औषध घेऊन जेवण लांबवल्यावर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. नुसती मेटफॉर्मिन असेल तर हा धोका फार कमी. म्हणून आज गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचा. मधुमेह म्हटलं की घरच्यांचं सगळं लक्ष साखर वाढण्याकडे असतं. खरेदीच्या दिवशी मात्र ती उतरण्याची भीती मोठी, कारण जेवण लांबलेलं असतं आणि चालणं रोजच्या कितीतरी पट झालेलं असतं.

मागे एका साडीच्या दुकानात गादीवर बसलेल्या आजी एकदम गप्प झाल्या. वरच्या ओठावर घाम, पदर धरलेला हात थरथरत होता, आणि सुनेनं काही विचारलं की खेकसत होत्या. घरच्यांना वाटलं गर्दीनं दमल्या असतील, पंख्याखाली बसवू. सकाळी गोळी घेतली होती आणि दोन वाजून गेले तरी जेवण झालेलं नव्हतं. दुकानातल्या पोराकडून साखर मागवली, तीन चमचे पाण्यात विरघळवून पाजली, आणि पाव तासात आजी स्वतःहून काठ-पदराबद्दल बोलायला लागल्या.

ही लक्षणं पाठ करून ठेवा: घाम, थरथर, धडधड, एकाएकी चिडचिड किंवा बोलण्यात गोंधळ. अशा वेळी साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन सपाट चमचे पाण्यातून द्यायची. १५ मिनिटांनी ग्लुकोमीटरवर बघायचं. साखर ७० च्या खालीच असेल तर तेवढंच परत द्यायचं, आणि बरं वाटलं की लगेच जेवायला बसवायचं. पेढा किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठायचा. साखरेची पुडी पर्समध्ये ठेवा, गाडीच्या डिकीत नको.

आणि दुकानातला चहा! आपल्याकडे साडीच्या दुकानात किंवा गुजरीत सोन्याच्या पेढीवर गिऱ्हाइकाला चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत. मायेनं देतात, नाही म्हणवत नाही. पण दोन चमच्यांचा चहा धरला तरी एका कपात ८-१० ग्रॅम साखर जाते आणि तीन दुकानांत दिवसाचा वाटा संपतो, कारण दिवसभरातली वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी असं सांगितलं जातं. सासूबाईंसाठी "बिनसाखरेचा" असं बसल्या बसल्याच सांगून ठेवा, कप समोर आल्यावर नव्हे.

फूड कोर्टात इडली-सांबार चांगलं, सांबार जास्त मागून घ्या. तंदुरी रोटी, डाळ आणि काकडी-कांदा हेही चांगलं जेवण आहे. मांसाहार चालत असेल तर तंदुरी चिकन घ्या, ग्रेव्हीचं नको. लोणी डोसा खायचाच असेल तर दोघांत एक आणि लोणी वरून कमी. मिसळीला मी वाईट म्हणणार नाही, मटकी ही उत्तम गोष्ट आहे. फरसाण वेगळं मागा, कटावर तरंगणारं तेल चमच्यानं बाजूला करा, लिंबू पिळा आणि दोन ब्रेडवर थांबा. मिसळ जड होते ती कट आणि ब्रेड पुन्हा पुन्हा घेतल्यामुळे.

मुलांना बर्गर नाही म्हणू नका. नाही म्हटलं की दिवसभर तेच डोक्यात राहतं. बर्गर घ्या, कॉम्बो नको. कॉम्बो स्वस्त वाटतो, पण वाढीव पैशांत तुम्हाला मिळतात ते फ्राईज आणि गोड पाणी. ३०० मिलीच्या कोलात साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ वर्षांच्या पोराचा दिवसाचा वाटा एकाच ग्लासात संपून वर जातो. त्याऐवजी ताक नाहीतर साधं पाणी. फ्राईज हवेतच असतील तर चौघांत मिळून एक लहान.

मोठ्या मुलाला एक काम द्या. १० किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना १ जुलै २०२२ पासून मेनूवर प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी लिहिणं बंधनकारक आहे. सोबत प्रौढ माणसाला दिवसाला सरासरी २,००० किलोकॅलरी लागतात अशी ओळही द्यावी लागते. आठ वर्षांच्या मुलाला साधारण १,७०० पुरतात. धाकट्याच्या कॉम्बोची बेरीज थोरल्याला करायला सांगा. बारा वर्षांच्या पोराला असा हिशोब करायला आवडतो आणि तुमचं लेक्चर वाचतं. स्थानिक, एकाच शाखेच्या स्टॉलवर हे आकडे नसतात, तिथं डोळ्यांनीच अंदाज घ्यायचा.

सिनेमाचा बेत असेल तर थिएटरवाले बाहेरचं खाणं अडवू शकतात, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये ते मान्य केलंय. पण पिण्याचं स्वच्छ पाणी त्यांनी फुकट द्यायलाच हवं, तेही त्याच निकालात आहे. तेव्हा पाण्यासाठी बाटली विकत घ्यायला लागू नका, मागा.

चारनंतरची भूक वेगळी. त्यासाठी पिशवीत फुटाणे-शेंगदाणे आणि पेरू ठेवा. महाद्वारला पोचेपर्यंत केळी नाहीतर पेरू घ्यायचे असतील तर कपिलतीर्थ मंडई तिथंच आहे. भेळ खावीशी वाटली तर खुशाल खा, चिंचेचं गोड पाणी कमी आणि कांदा-टोमॅटो-कोथिंबीर जास्त.

रात्री तांबडा-पांढरा खायला जायचं मिस्टरांच्या मनात असेल, तर दुपारचं जेवण हलकं ठेवा. पांढरा रस्सा पातळ दिसतो म्हणून लोक वाटीवर वाटी पितात, पण त्यात नारळाचं दूध असतं, बऱ्याच ठिकाणी काजू आणि तीळही. सासूबाईंना मटणाचे दोन-तीन तुकडे, भाकरी अर्धी आणि रस्सा एक वाटी पुरे. घरीच जेवणार असाल तर मुगाची खिचडी सर्वांत बरी, कुकरला डाळ-तांदूळ भिजवून जा. दमून घरी आल्यावर चहाबरोबर फराळाचा डबा उघडला की चकली आणि चिवड्यावरच जेवण उरकतं, आणि सासूबाईंची रात्रीची गोळी असेल तर परत तोच घोळ. म्हणून खिचडीची शिट्टी आधी होऊ द्या, डबा त्यानंतर.

गोळीचं नाव पाकिटावर वाचून इथं लिहिलंत तर जेवणाच्या वेळा मी नेमक्या मांडून देईन. खरेदीच्या दिवशी डोस कमी-जास्त करायचा का, हे मात्र त्यांच्या डॉक्टरांना निघण्याआधीच फोन करून विचारा, सुट्टीत दवाखाने बंद असतात.