‘कन्स्ट्रक्टरला टेम्प्लेट आर्ग्युमेंट देणे’ बरोबर का?

सोलापुरात अभियांत्रिकीच्या मुलांसाठी मराठीत टिपणे लिहिणाऱ्या एका शिक्षकांचा प्रश्न: सी++ शिकवताना ‘कन्स्ट्रक्टरला टेम्प्लेट आर्ग्युमेंट स्पष्टपणे देणे’ असे लिहावे का? (कन्स्ट्रक्टर म्हणजे क्लासचा ऑब्जेक्ट तयार करणारे फंक्शन; टेम्प्लेट म्हणजे टाइपची जागा मोकळी ठेवलेला साचा, आणि त्या जागी भरलेला टाइप हे टेम्प्लेट आर्ग्युमेंट.)

‘स्पष्टपणे’चे आधी सांगतो. त्याच्या उलट ‘अस्पष्ट’ उभे राहते, आणि इथे तो भेद नाहीच. ‘लिहून दिलेले’ आणि ‘ताडलेले’ (कंपायलरने स्वतः ओळखलेले) ही जोडी नेमकी आहे.

खरी अडचण ‘कन्स्ट्रक्टरला’ या शब्दात आहे. सी++मध्ये टोकदार कंसातली यादी फंक्शनच्या नावापाठोपाठ येते, आणि कन्स्ट्रक्टरला हाक मारण्याजोगे नावच नसते. आपण लिहितो ते क्लासचे नाव, म्हणून कंसही क्लासचाच.

समजा, यंत्रमाग या क्लासचे टेम्प्लेट पॅरामीटर सूत, आणि त्याच्या कन्स्ट्रक्टरचे स्वतःचे वेगळे पॅरामीटर नक्षी. यंत्रमाग<सुती, मोर> लिहिले की आर्ग्युमेंटांची संख्या चुकल्याचा एरर येतो. यंत्रमाग<मोर> त्याहून वाईट: मोर हेच सूत धरले जाते आणि चूक भलत्याच ओळीवर दिसते, किंवा दिसतच नाही.

म्हणून ‘कन्स्ट्रक्टरचे टेम्प्लेट आर्ग्युमेंट कंपायलर ताडतो’ असे लिहावे. ताडायला गोल कंसातल्या साध्या आर्ग्युमेंटांत काही सापडायला हवे. तेही नाही आणि सी++11पासून चालणारे डीफॉल्टही नाही, तर तो कन्स्ट्रक्टर कधीच वापरता येत नाही.

उपाय म्हणजे खूण<ट> हा रिकामा स्ट्रक्ट करायचा आणि कन्स्ट्रक्टरचे पहिले पॅरामीटर खूण<नक्षी> ठेवायचे. मग यंत्रमाग<सुती> माग(खूण<मोर>{}, पन्हा); एवढे पुरते (पन्हा हे साधे आर्ग्युमेंट). महिरपी कंस गाळू नका. नुसते माग(खूण<मोर>()) लिहिले तर ती फंक्शनची घोषणा समजली जाते आणि ऑब्जेक्ट तयारच होत नाही. सी++17मध्ये अशी खूण आयती मिळते: एसटीडी::इन_प्लेस_टाइप. व्हेरियंट आणि एनी या प्रमाणित लायब्ररीतल्या टाइपांचे कन्स्ट्रक्टर तीच घेतात.

बनव<मोर>(पन्हा) असे ऑब्जेक्ट बनवून देणारे, क्लासच्या नावानेच बोलावता येणारे स्टॅटिक फंक्शन वाचायला अधिक सोपे. मात्र सूत अजून ठरलेले नसेल अशा दुसऱ्या टेम्प्लेटमधून ते बोलावताना ‘बनव’च्या आधी टेम्प्लेट हा कीवर्ड लिहावाच लागतो.

जावाच्या टिपणात तुमचा प्रयोग चालेल, फक्त ‘टेम्प्लेट’ऐवजी ‘टाइप आर्ग्युमेंट’ म्हणा: न्यू <मोर> यंत्रमाग<सुती>(पन्हा). न्यूलगतचा कंस कन्स्ट्रक्टरचा, नावामागचा क्लासचा. पहिला लिहिला असेल तर दुसरा रिकामा ठेवता येत नाही.