लिबरल आर्ट्समध्ये घेतलेले जीवशास्त्र अपुरे पडते का?

लिबरल आर्ट्सच्या, म्हणजे विज्ञान आणि कला या दोन्हींतले विषय एकत्र शिकवणाऱ्या, पदवीत जीवशास्त्र हा मुख्य विषय घेतला, तर विद्यार्थी धड विज्ञानाचा राहत नाही आणि धड कलाशाखेचाही होत नाही, अशी भीती माझ्याकडे येणारे अनेक पालक बोलून दाखवतात. विद्यार्थ्यांच्या मनातही ती असते. फक्त ती ते पालकांसमोर कबूल करत नाहीत. या चिंतेचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून एका मुलीबरोबर आणि तिच्या वडिलांबरोबर झालेल्या समुपदेशनाचा अनुभव येथे मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेले आहेत.

मुलीला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एका मोठ्या विद्यापीठात जीवशास्त्राची सरळ तीन वर्षांची पदवी होती, तर दुसरीकडे एका लहान लिबरल आर्ट्स कॉलेजातली चार वर्षांची पदवी होती, जिच्यात जीवशास्त्र मेजर (मुख्य विषय) घेऊन सोबत इतिहासही शिकता येणार होता. साथीच्या रोगांविषयी तिने बरेच वाचले होते आणि विषाणू व समाज या दोहोंचा अभ्यास तिला एकत्रच करायचा होता. वडिलांचा आक्षेप नेमका होता. ते म्हणाले, “मॅडम, हिच्या प्रमाणपत्रावर बी.ए. असं लिहून येणार. उद्या संशोधनाला हिला कोण उभं करणार?”

पदवीच्या नावाबद्दलचा हा आक्षेप मी आधी हाताळला, कारण तो दूर झाल्याशिवाय पुढचे कोणतेही बोलणे त्यांच्या कानावर पडले नसते. अमेरिकेतील कित्येक लिबरल आर्ट्स कॉलेजे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही बी.ए. हीच पदवी देतात. पेशीतील आरएनए हा रेणू स्वतःच उत्प्रेरकाचे, म्हणजे अभिक्रिया वेगाने घडवण्याचे, काम करू शकतो, हे दाखवल्याबद्दल १९८९चे रसायनशास्त्राचे नोबेल सिडनी ऑल्टमन यांच्यासह मिळवणारे थॉमस चेक हे ग्रिनेल कॉलेजचे बी.ए., आणि जनुक-संपादनाच्या तंत्राबद्दल २०२०चे नोबेल एमान्युएल शार्पांतिए यांच्यासह मिळवणाऱ्या जेनिफर डाउडना या पोमोना कॉलेजच्या बी.ए. आहेत. नोबेलविजेत्यांची नावे माहितीपत्रकांत मिरवण्याची पद्धत मला स्वतःला फारशी आवडत नाही. अशा नावांवरून दार बंद नाही एवढेच कळते. त्या दारातून सर्वसामान्य विद्यार्थी किती सहज आत जातो, हे कळत नाही. शिवाय चेक यांनी बर्कलेला आणि डाउडना यांनी हार्वर्डला पुढे पीएच.डी. केली, हे विसरून चालत नाही. त्या प्रवेशाच्या वेळी मोलाची ठरते ती गुणपत्रिका, म्हणजे कोणते विषय, कोणत्या पातळीपर्यंत आणि किती प्रयोगशाळेसह झाले याची नोंद.

म्हणून मी मुलीला कॉलेजची अभ्यासक्रम-पुस्तिका समोर ठेवून आठही सत्रांचा आराखडा स्वतः करून आणायला सांगितले. तो पाहिल्यावर खरा प्रश्न वडिलांच्या भीतीपेक्षा वेगळ्याच ठिकाणी असल्याचे लक्षात आले. तिने सामान्य रसायनशास्त्र तिसऱ्या वर्षात टाकले होते, संख्याशास्त्र चौथ्या वर्षात, आणि पहिली दोन वर्षे इतिहास, तत्त्वज्ञान, नाट्यलेखन आणि जीवशास्त्राचे दोन प्राथमिक अभ्यासक्रम यांनी भरून टाकली होती.

अशा पदवीत चार वर्षांत साधारण ३२ अभ्यासक्रम होतात आणि त्यांतले सुमारे एक तृतीयांश मेजरचे असतात. जीवशास्त्राचे मात्र तसे राहत नाही, कारण मेजरच्या अभ्यासक्रमांखेरीज रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित किंवा संख्याशास्त्र हेही घ्यावे लागतात आणि सगळे मिळून पदवीचा जवळजवळ निम्मा भाग विज्ञानाकडे जातो. त्यातही रसायनशास्त्राची साखळी क्रमाने चालते. सामान्य रसायनशास्त्र झाल्याशिवाय सेंद्रिय रसायनशास्त्र घेता येत नाही, आणि सेंद्रिय झाल्याशिवाय सहसा जीवरसायनशास्त्राला बसता येत नाही. पहिला दुवा तिसऱ्या वर्षी सुरू केला, तर शेवटचा दुवा पदवी संपेपर्यंत हाती लागत नाही, आणि त्यावर अवलंबून असलेले पेशीजीवशास्त्राचे वा विषाणुशास्त्राचे वरच्या पातळीचे अभ्यासक्रम आपोआप हुकतात. अनेक कॉलेजांत मेजर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जाहीर करण्याची मुभा असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही मुभा खरोखर उपयोगी पडते. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र मेजर जाहीर करण्यापूर्वीच पहिल्या सत्रापासून तयारी सुरू केलेली असावी लागते, आणि हे त्याला कोणी बजावून सांगेलच असे नाही.

रसायनशास्त्र इतके मागे का ढकलले, असे विचारल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “खरं सांगू का, रसायन टाळता येईल म्हणूनच मला हे कॉलेज आवडलं होतं.” वडिलांना ही गोष्ट नवीन होती. मला नव्हती. लिबरल आर्ट्सकडे वळणाऱ्या काही विद्यार्थ्यांना जीवशास्त्राची ओढ असते, पण त्यांच्या मनातले जीवशास्त्र हे वाचण्याचे जीवशास्त्र असते. ही ओढ खोटी नव्हे, परंतु तेवढ्यावर मेजर निभत नाही.

आता कंटाळा रसायनशास्त्राचा आहे की ते ज्या पद्धतीने तिच्या वाट्याला आले त्या पद्धतीचा, हे पाहणे गरजेचे होते. तिला विषाणूंमध्ये रस होता, म्हणून मी तिला एकच प्रश्न दिला: आरएनए हा डीएनएपेक्षा नाजूक का असतो? पुढच्या भेटीत तिने उत्तर आणले. आरएनएमधील शर्करेच्या दुसऱ्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट असतो, जो डीएनएमध्ये नसतो, आणि तोच शेजारच्या फॉस्फेट बंधावर हल्ला करून साखळी तोडू शकतो. हे समजून घेण्यासाठी तिला बंध म्हणजे काय, अणूंचा एखादा गट ‘हल्ला’ करतो म्हणजे नेमके काय होते, हे सगळे उलगडावे लागले होते. तिच्याच भाषेत सांगायचे तर, पाठ केलेल्या अभिक्रियांना पहिल्यांदाच काही काम मिळाले होते. तिने स्वतःहून विचारलेला पुढचा प्रश्न असा होता की, आरएनएपासून डीएनए बनवणाऱ्या विषाणूंचे काय? असे उलट लेखन (एरवी डीएनएवरून आरएनए बनतो) करणारे विकर (एन्झाइम) १९७०मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधले आणि त्यांना १९७५चे नोबेल रेनातो दुल्बेक्को यांच्यासह विभागून मिळाले. टेमिन आणि बाल्टिमोर हे दोघेही स्वार्थमोर या एकाच लिबरल आर्ट्स कॉलेजचे विद्यार्थी होते. टेमिन यांनी तेथे जीवशास्त्र घेतले होते. बाल्टिमोर जीवशास्त्राने सुरुवात करून रसायनशास्त्राकडे वळले, कारण त्यांना संशोधनाचा प्रबंध करायचा होता. हा तपशील मी मुलीसाठी सांगितला होता, पण त्याचा परिणाम वडिलांवर अधिक झाला असावा.

वैद्यकीय शिक्षणाचा विषय ओघाने निघाला. जेथे शालेय शिक्षणानंतर थेट वैद्यकीय अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो, तेथे या पदवीचा त्यासाठी उपयोग नाही, हे स्पष्ट सांगावे लागते. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पहिल्या पदवीनंतर सुरू होते आणि मेजर कोणते यापेक्षा ठरावीक पूर्वअभ्यासक्रम झाले की नाही हे पाहिले जाते. तेथील प्रवेश परीक्षेत २०१५पासून मानसशास्त्र व समाजशास्त्र यांवर आधारित भागही आहे. मुलीला डॉक्टर व्हायचे नव्हते, त्यामुळे आम्ही त्यावर अधिक वेळ घालवला नाही.

पदव्युत्तर प्रवेशाच्या पात्रतेबाबत मात्र वडिलांची शंका रास्त होती. काही विद्यापीठे एम.एस्सी.साठी बी.एस्सी.च असण्याची अट घालतात, तर काही ठिकाणी जीवशास्त्राची किमान क्रेडिटे (अभ्यासाचा भार मोजण्याची एकके) मागितली जातात. पदवीचे नाव आणि तिची मुदतही सगळीकडे सारखी नसते. नेदरलँड्समधील युनिव्हर्सिटी कॉलेज उट्रेख्ट हे लिबरल आर्ट्स कॉलेज १९९८मध्ये सुरू झाले. तेथील पदवी तीन वर्षांची आणि १८० युरोपीय क्रेडिटांची असते, आणि मेजरप्रमाणे बी.ए. किंवा बी.एस्सी. मिळते. अशा तीन वर्षांच्या रचनेत रुंदीसाठी, म्हणजे इतर विषयांसाठी, दिलेले प्रत्येक क्रेडिट जीवशास्त्रातून वजा होते, म्हणून नियोजन अधिकच काटेकोर लागते. पुढे जिथे जायचे आहे, तिथली पात्रता पहिल्याच वर्षी वाचावी, असा माझा आग्रह असतो. वडिलांनी हे काम स्वतःकडे घेतले आणि मुलीला सोयीच्या वाटणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या अटी नीट टिपून आणल्या. त्यांपैकी एका ठिकाणी बी.ए. चालणार नव्हती, बाकीच्यांनी विषयांची यादी मागितली होती.

मग इतिहासाचे काय, असा प्रश्न मुलीनेच काढला. इतिहास सोडावा असे मला मुळीच वाटत नव्हते. लंडनमध्ये १८५४ साली कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा जॉन स्नो यांनी मृत्यूंची ठिकाणे नकाशावर मांडून पाण्याकडे बोट दाखवले. रॉबर्ट कॉख यांचे कॉलऱ्याच्या जंतूवरील काम त्यानंतर सुमारे ३० वर्षांनी झाले. जंतू माहीत नसताना रोगाचा मार्ग कसा ओळखला गेला, हे समजायला जीवशास्त्राबरोबर संख्याशास्त्र आणि त्या शहराचा इतिहासही लागतो. अट एवढीच की हे दुवे विद्यार्थ्याने स्वतः जोडले पाहिजेत. दोन विषय एकाच वेळापत्रकात शेजारी बसवले म्हणजे ते डोक्यात एकत्र येतात, असा समज कॉलेजांनीही पसरवला आहे.

शेवटी मुलीने जीवशास्त्र विभागाला पत्र लिहून काही गोष्टी थेट विचारल्या: प्रत्येक अभ्यासक्रमाला प्रयोगशाळेचे किती तास असतात, वरच्या पातळीचे कोणते अभ्यासक्रम दरवर्षी होतात, पदवीच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या संशोधनात केव्हापासून घेतात, आणि प्रबंध ऐच्छिक आहे की सक्तीचा. लहान विभागात शिक्षक मोजके असतात, त्यामुळे काही अभ्यासक्रम एक वर्षाआड होतात, आणि नेमका हवा असलेला अभ्यासक्रम चुकला तर तो पुन्हा मिळेपर्यंत पदवी संपते. उत्तरातून तेच कळले: विषाणुशास्त्र तिच्या तिसऱ्या वर्षी होणार होते, चौथ्या वर्षी नव्हते. तिने आराखडा पुन्हा केला. पहिल्या वर्षी सामान्य रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र, दुसऱ्या वर्षी सेंद्रिय रसायनशास्त्र व पेशीजीवशास्त्र आले, नाट्यलेखन चौथ्या वर्षात गेले, आणि इतिहास दर वर्षी एक अभ्यासक्रम या हिशेबाने मायनर (दुय्यम विषय) म्हणून राहिला. वडिलांनी होकार दिला, पण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस सेंद्रिय रसायनशास्त्राचे गुण पाहून पुन्हा एकदा बसायचे, असे तिघांच्या संमतीने ठरले.