टेंगूळ लहान होतं, पण फोन राहिला

प्रश्न: मी कोल्हापुरातल्या एका शाळेत सहा वर्षं नर्स आहे. गेल्या आठवड्यात तिसरीतला मुलगा मधल्या सुट्टीत फुटबॉल खेळताना पडला, कपाळाला टेंगूळ आलं. बर्फ लावला, अर्धा तास जवळ बसवून घेतलं, मग वर्गात पाठवलं. घरी रिक्षामामांकडून कळल्यावर आईवडील शाळेत येऊन सगळ्यांसमोर ओरडले, ‘तुम्ही डॉक्टर आहात काय?’ तेव्हापासून एखादं मूल रडत आलं तरी माझे हात थरथरतात. नोकरी सोडावीशी वाटते.

सिस्टर,

तुमचं पत्र वाचून जीव तुटला. उपचारात तुमचं काहीच चुकलेलं नाही. कपाळाच्या कातडीखाली लगेच हाड आणि तिथं रक्तवाहिन्या भरपूर, म्हणून बघता बघता लिंबाएवढं टेंगूळ येतं. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण आत किती लागलंय ते टेंगळाच्या आकारावरून कळत नाही. मूल शुद्धीवर आहे का, नीट बोलतंय का, उलटी झाली का, हे बघायचं असतं. त्यासाठीच तुम्ही त्याला अर्धा तास जवळ बसवलंत. तुम्हाला हे ठाऊक आहे, त्या आईला नाही.

मला खटकले ते ‘रिक्षामामांकडून’ हे शब्द.

माझा मुलगा पहिलीत असताना हनुवटी फुटून घरी आला होता. पट्टी व्यवस्थित केलेली होती. पण शर्टावर वाळलेलं रक्त, आणि मला कुणी एका शब्दानं कळवलेलं नाही! शाळेत जाऊन मी जे बोलले ते आठवलं की आजही लाज वाटते. जखमेचा राग नव्हताच. माझं पोर तिकडं रडत होतं आणि मी इकडं निवांत भाकरी थापत होते, ते मला सहन झालं नाही.

म्हणून यापुढे डोक्याला मार लागला की, कितीही बारका असो, त्याच तासात घरी फोन. गुडघा खरचटला तर डायरीतली चिठ्ठी पुरते. आणि हे नुसतं शिष्टाचार म्हणून नाही. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, हलवूनही न उतरणारी गुंगी, बरळणं, झटका, नाकाकानातून पाणी येणं, ही लक्षणं रात्री घरीही दिसू शकतात. पुढचे 24 ते 48 तास लक्ष ठेवायचं, आणि शाळा सुटली की ते काम घरच्यांवर येतं. त्यांना माहीतच नसेल तर ते ठेवणार कसे? ही लक्षणं मराठीत लिहून प्रती काढून ठेवा, खाली ठळक लिहा: यातलं एक जरी दिसलं तरी थेट सीपीआर (आपलं कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचा दवाखाना, नाहीतर 108.

आपल्याकडं आवाज चढायला वेळ लागत नाही, तसा उतरायलाही लागत नाही. पुन्हा कुणी तावातावानं आलं तर आधी तुमच्या खोलीत न्या, खुर्ची द्या, पाणी द्या, पूर्ण बोलू द्या. ‘किरकोळ आहे हो’ एवढं मात्र म्हणू नका. तालमीच्या लाल मातीत अंग फोडून घेतलेला बापही स्वतःच्या पोराचं कपाळ सुजलेलं बघून हलतो. मग नोंदवही उघडून दाखवा: किती वाजता आला, काय बघितलं, काय केलं. ‘डॉक्टर आहात काय?’ याला उत्तर आहे, ‘नाही, नर्स आहे. डॉक्टरकडं कधी पाठवायचं ते मला कळतं.’

चारचौघांत तुमचा अपमान झाला, तो चुकीचाच होता. तेव्हा मुख्याध्यापकांनी मधे पडायला हवं होतं, हे त्यांना शांतपणे सांगा. पालकांची भेट यापुढे त्यांच्यासमोरच होऊ दे. राजीनाम्याचा विचार आत्ता करू नका. हात थरथरतात ते अजून धक्क्यात आहात म्हणून. महिनाभरात थांबले नाहीत तर समुपदेशकाशी जरूर बोला.

आणि त्या आईला आजच फोन करा. कळवलं नाही त्याबद्दल माफी मागा, उपचाराबद्दल नको. टेंगूळ एव्हाना हिरवंपिवळं होऊन उतरत आलं असेल, त्याची चौकशी करा. पोराला पुन्हा फुटबॉल खेळायला सोडलंय का, तेही विचारा.