वाचकांचे प्रश्न : पोस्टग्रेस १८ आणि दुसऱ्या सर्व्हरवरची टेबलं

प्रश्न : आमचा मध्यवर्ती सर्व्हर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १३ व्या आवृत्तीवर आहे. तीन वेगळ्या सर्व्हरवरची टेबलं तिथे फॉरेन टेबल म्हणून जोडली आहेत आणि ‘युनियन ऑल’ने तिन्हींच्या ओळी एकत्र दाखवणाऱ्या एका व्ह्यूमधून रिपोर्ट निघतात. आता १८ वर जायचं ठरतंय. रिपोर्ट आपोआप वेगवान होतील का? आणि तिन्ही सर्व्हरही सोबतच बदलावे लागतील का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी. तिन्ही सर्व्हर सोबत बदलायची गरज नाही. दुसऱ्या सर्व्हरवरची टेबलं जोडून देणारा पोस्टग्रेस एफडीडब्ल्यू समोरच्या बाजूला अगदी ८.३ पर्यंतची जुनी आवृत्ती चालवून घेतो. आधी मध्यवर्ती सर्व्हर न्या, तो स्थिरावू द्या. पण न्याच. १३ चा शेवटचा अपडेट नोव्हेंबर २०२५ मध्ये आला, यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्याही येणार नाहीत. आणखी एक : १८ मध्ये नवा क्लस्टर (सर्व्हरचा सगळा डेटासंच) तयार करताना डेटा चेकसम (डेटा बिघडलाय का ते ओळखणारे आकडे) मुळातच चालू असतात. तुमच्या जुन्या क्लस्टरवर ते नसतील तर पीजी-अपग्रेड हे आवृत्ती बदलणारं साधन अडून बसेल. तेव्हा नवा क्लस्टर चेकसम बंद ठेवून बनवा.

आता वेगाचं. काही गोष्टी खरोखर आपोआप मिळतात. १७ पासून ‘इन’ आणि ‘एक्झिस्ट्स’च्या सबक्वेरी समोरच्या सर्व्हरवरच सोडवता येतात, अर्थात दोन्ही टेबलं त्याच सर्व्हरवर असतील तर. दुसरी मला फार आवडलेली सुधारणा १६ मधली. त्याआधी आकडेवारी गोळा करण्यासाठी फॉरेन टेबलवर ‘अ‍ॅनालाइझ’ चालवलं की सगळ्या ओळी नेटवर्कवरून इकडे यायच्या आणि मग नमुना निवडला जायचा. आता नमुना तिकडेच काढला जातो. मात्र हे काम एरवी आपोआप करणारा ऑटोव्हॅक्युम फॉरेन टेबलांना हात लावत नाही, हे पूर्वीही तसंच होतं आणि आजही तसंच आहे. ‘अ‍ॅनालाइझ’ तुम्हालाच चालवावं लागतं. आठवड्याच्या कामांत त्याची नोंद करून ठेवा.

तुमच्या व्ह्यूसाठी सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र आपोआप मिळत नाही. १३ मध्ये तीन सर्व्हर एकामागून एक वाचले जातात : पहिल्याच्या ओळी संपल्या की दुसरा, मग तिसरा. १४ पासून ते एकाच वेळी वाचता येतात, पण ‘असिंक कॅपेबल’ हा पर्याय मुळात बंद असतो. तीन सर्व्हरच्या व्याख्येत ‘ऑल्टर सर्व्हर’ने तो चालू करा. मग एकूण वेळ तिघांची बेरीज न राहता सर्वांत मंद सर्व्हरच्या जवळपास येतो. फॉरेन टेबलं एकाच सर्व्हरवर असतील तर मात्र फायदा नाही, कारण तिथे एका युजर मॅपिंगला (इकडचा युजर तिकडे कोणत्या ओळखीने शिरतो त्या नोंदीला) एकच कनेक्शन मिळतं आणि क्वेरी रांगेनेच जातात. तिकडे तुम्ही डेटा लिहीतही असाल तर ‘बॅच साइझ’ बघा. तो मुळात १ असतो, म्हणजे प्रत्येक ओळीसाठी एक फेरी. १०० केलात तर इन्सर्टचा फरक लगेच जाणवेल.

हे सगळं करूनही एखादा रिपोर्ट हलत नसेल, तर आवृत्तीला दोष देण्याआधी ‘एक्स्प्लेन व्हर्बोज’ (क्वेरी कशी चालणार ते दाखवणारी आज्ञा) चालवून ‘रिमोट एसक्यूएल’ ही ओळ वाचा. मी हे फार उशिरा शिकले. आमचा एक रिपोर्ट फक्त गेल्या सात दिवसांच्या नोंदी मागायचा आणि तरी रात्रभर चालायचा. मी इंडेक्स तपासले, नेटवर्कवाल्यांशी भांडले, आवृत्तीही बदलली. शेवटी ती ओळ पाहिली तर तिच्यात ‘व्हेअर’च नव्हतं. अट आताची वेळ देणाऱ्या ‘नाऊ’ फंक्शनवर होती. ज्या फंक्शनचं उत्तर कधीच बदलत नाही, म्हणजे जी ‘इम्युटेबल’ आहेत, तीच समोर पाठवली जातात. ‘नाऊ’ त्यात बसत नाही. त्यामुळे सगळं टेबल इकडे यायचं आणि गाळणी इथे लागायची. वेळ अ‍ॅप्लिकेशनमध्येच काढून थेट किंमत म्हणून पाठवली, तसा रिपोर्ट काही सेकंदांत आला. हा नियम १८ मध्येही बदललेला नाही. तुमची स्वतःची फंक्शनंही अटीत असतील तर तीच गत होते.

उलटही होऊ शकतं. १७ मध्ये परक्या सर्व्हरवरून येणाऱ्या प्रत्येक ओळीचा मानलेला खर्च ०.०१ वरून ०.२ केला. त्यामुळे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा प्लॅनर दुसरी वाट धरू शकतो. महत्त्वाच्या पाच-सहा क्वेरींचे प्लॅन आजच १३ वर काढून जपून ठेवा, म्हणजे नंतर ताडून पाहता येतील.

एक काळजी अजूनही आहे. १५ मध्ये ‘पॅरलल कमिट’ आलं, १६ मध्ये ‘पॅरलल अबॉर्ट’. दोन्हींमुळे अनेक सर्व्हरवरचा शेवटचा टप्पा एकाच वेळी उरकतो, पण ‘सगळीकडे होईल किंवा कुठेच नाही’ अशी हमी त्यातून मिळत नाही. ती हमी देणारं दोन टप्प्यांचं कमिट पोस्टग्रेस एफडीडब्ल्यूमध्ये नाही. एकदा एका सर्व्हरवर कमिट झालं आणि त्याच क्षणी दुसऱ्याचं कनेक्शन तुटलं. नोंदी हाताने जुळवण्यात माझे दोन दिवस गेले. तेव्हापासून एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोन परक्या सर्व्हरवर मी लिहीत नाही.

प्रश्न : युजर मॅपिंगमध्ये पासवर्ड उघडा दिसतो. १८ मध्ये यावर काही उपाय आहे का?

उत्तर : आहे, आणि माझ्या मते या आवृत्तीत फॉरेन टेबल वापरणाऱ्यांसाठी हेच सर्वांत मोठं आहे. स्क्रॅम ही पासवर्ड तपासायची पद्धत आहे. ‘स्क्रॅम पासथ्रू’ चालू केलं की तुम्ही मध्यवर्ती सर्व्हरवर ज्या ओळखीने शिरलात, तीच पुढे वापरली जाते. पासवर्ड मॅपिंगमध्ये लिहून ठेवावा लागत नाही. अडखळायला होतं ते एका ठिकाणी : दोन्हीकडे पासवर्ड एकच असून भागत नाही, साठवलेलं स्क्रॅम सीक्रेट तंतोतंत तेच लागतं. तोच पासवर्ड दोन्हीकडे स्वतंत्रपणे सेट केलात तरी सॉल्ट (सीक्रेटमध्ये मिसळला जाणारा यादृच्छिक भाग) वेगळा पडतो आणि लॉगिन फसतं. म्हणून एका सर्व्हरवरचं सीक्रेट ‘पीजी ऑथआयडी’ या अंतर्गत टेबलातून उचलून दुसरीकडे ‘ऑल्टर रोल’ने जसंच्या तसं ठेवा, आणि दोन्ही सर्व्हरच्या एचबीए फाइलमध्ये (कोणी कसं लॉगिन करायचं ते ठरवणाऱ्या) त्या रोलसाठी स्क्रॅमच मागितलं जातंय ना, ते पाहा. चाचणी पार पडली की मॅपिंगमधला जुना पासवर्ड त्याच दिवशी काढून टाका.