हेलिकॉप्टरचे ब्रेक आणि लॉक : दाब गेला की काय होतं?

चाकाचा ब्रेक, रोटरचा ब्रेक, पार्किंग ब्रेक आणि चाकाचं लॉक या चार वेगळ्या गोष्टी आहेत. टपालात मात्र त्या एकाच पोत्यात भरून येतात, आणि दर महिन्याला येतात. म्हणून निवडक उत्तरं एकदाच देतो. मी देखभालीतला इंजिनिअर, वैमानिक नव्हे, हे लक्षात ठेवून वाचा.

निवडणुकीत आमच्या शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरलं. त्याला चाकंच नव्हती. मग ब्रेक कुठे असतो? (शिक्षक, सांगली जिल्हा)

नसतो. ते स्किडवर, म्हणजे दोन आडव्या नळ्यांवर बसतं. पुढच्या वेळी पोरांना शेपटीच्या पंख्यापासून लांब ठेवा, ब्रेकची चिंता नको.

रोटर ब्रेक ओढला की चाकंही अडतात का? (विद्यार्थिनी, पुणे)

नाही. इंजिन बंद केल्यावर वरची पाती लवकर थांबावीत, हे त्याचं मुख्य काम. तो किती वेगाच्या खाली लावायचा, ते त्या-त्या हेलिकॉप्टरच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. व्हिडिओ बघून आकडा पाठ करू नका.

हेलिकॉप्टर जागच्या जागी उतरतं, तर चाकांना ब्रेक हवाच कशाला? आणि तो दाबतात कुठे? (वाचक, जळगाव)

ते नेहमी जागीच उतरत नाही. वजन जास्त असेल किंवा काही बिघाड असेल, तर विमानासारखं धावत उतरावं लागतं. शिवाय चाकांचं हेलिकॉप्टर जमिनीवर चालतं ते रोटरच्या ओढीनं. चाकांना इंजिन जोडलेलं नसतं. रोटर पुढे कलला की ते पुढे निघतं, मग थांबवायला काहीतरी हवं. रोटर सुरू होताना त्याची प्रतिक्रिया म्हणून सगळा सांगाडा उलट्या दिशेनं फिरू पाहतो, तेव्हाही चाकांनी जमीन घट्ट धरून ठेवावी लागते.

चाकांच्या बहुतेक हेलिकॉप्टरांत पेडलचा वरचा भाग पायाच्या बोटांनी दाबला की छोट्या सिलिंडरमधलं तेल दाबलं जातं, आणि मुख्य चाकाच्या डिस्कवर पॅड आवळले जातात. डाव्या पेडलला डावं चाक, उजव्याला उजवं. एकच दाबलं की त्या बाजूला वळता येतं. आपल्या हवाई दलाच्या एमआय-१७ ची तऱ्हा वेगळी: तिथे ब्रेकचा खटका हातातल्या स्टिकवर असतो आणि काम तेलाऐवजी दाबलेली हवा करते.

ब्रेक आवळून ठेवायचा आणि स्टिक पुढे रेटायची, ही मात्र वाईट खोड. खाली चाकं अडलेली, वर रोटर ओढतोय, आणि मधल्या मास्टला, म्हणजे रोटरच्या उभ्या दांड्याला, वाकवणारा ताण बसतोय. तुमच्या प्रशिक्षकाला विचारा, तो माझ्याहून कडक शब्दांत सांगेल.

आमच्या हेलिपॅडवर येणारे पायलट म्हणतात, पार्किंग ब्रेक लावला की चॉक (चाकाला अडवणारे ठोकळे) लावायची गरज नाही. खरं का? (हेलिपॅड व्यवस्थापक, रायगड जिल्हा)

नाही. हे ‘पायलट म्हणतात’ मी तीस वर्षं ऐकतोय, आता कंटाळा आला आहे.

पार्किंग ब्रेक म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. बहुतेक ठिकाणी तो वेगळा ब्रेक नसतोच. पेडल दाबायचं, हँडल ओढायचं. हँडल एक व्हॉल्व्ह बंद करतं आणि दाब नळीत कोंडला जातो. बस. एखादं सील जरा झिरपलं तर दाब उतरतो. दिवसाच्या उन्हात लावलेला ब्रेक पहाटेच्या गारव्यात सैल पडतो. कॉकपिटमधलं हँडल मात्र ओढलेलंच दिसतं, त्याला कुठे माहीत की खाली काय झालं!

आता हिशेब करा. पाणी साचू नये म्हणून पार्किंगच्या फरशीला थोडा उतार देतात, समजा १ टक्का. ४ टनांच्या हेलिकॉप्टरला तेवढा उतार सतत ४० किलोंनी ढकलतो. टायरचं घर्षण त्यातला बराचसा भाग खाऊन टाकतं, म्हणून शंभर रात्री काही होत नाही आणि माणूस सोकावतो. एकशे एकाव्या रात्री मागून वारा येतो. एका पावसाळ्यात, आमच्याच हँगरसमोर, संध्याकाळी चॉक कुणीतरी ट्रॉलीला लावायला नेले आणि परत आणलेच नाहीत. सकाळी हेलिकॉप्टर हातभर सरकून त्याच ट्रॉलीला टेकलेलं. दार चेपलं, आठवडा गेला. पार्किंग ब्रेक लावलेला होता, हे सगळ्यांनी शपथेवर सांगितलं. खोटं नव्हतं ते.

घाटात ट्रक थांबला की क्लीनर आधी उडी मारून चाकाखाली दगड लावतो, मग चहा. तेवढी अक्कल आपल्याला हवी. चॉक दोन्ही मुख्य चाकांना, पुढून आणि मागून. वाऱ्याचा इशारा असेल तर बांधून ठेवायचं. कुठे आणि कसं, ते मॅन्युअल आणि तुमचा देखभाल इंजिनिअर सांगेल.

मग ‘व्हील लॉक’ म्हणजे नेमकं काय? नोज व्हील लॉक तेच का? (एएमईचा, म्हणजे विमान देखभाल अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक)

ते नाही. नोज व्हील लॉक पुढच्या चाकाचं गरगरणं थांबवतं, घरंगळणं नाही. पुढचं चाक ऑफिसच्या खुर्चीच्या चाकासारखं कुठेही वळतं. पिन घातली की ते सरळ राहतं. धावत उतरताना ते हवं, वळताना किंवा टो करताना नको. पिन तशीच ठेवून ट्रॅक्टरनं ओढलं की तुटकं सामान घेऊन स्टोअरला जावं लागतं.

खरं व्हील लॉक बघायचं तर ब्रिटिश नौदलाचं लिंक्स हेलिकॉप्टर अभ्यासा. जहाजाच्या डुलणाऱ्या डेकवर चाक जरासुद्धा फिरू नये म्हणून त्याच्या प्रत्येक चाकाला स्प्रॅग लॉक होतं. गंमत अशी, की हायड्रॉलिक दाबानं ते सुटायचं. दाब गेला तर आपोआप लागायचं. मोठ्या ट्रकचा स्प्रिंगवाला पार्किंग ब्रेक असाच, हवा गेली की चाक जाम. त्यात भर म्हणून लिंक्सची मुख्य चाकं २७ अंश बाहेर वळवलेली, पोटाखालचा हार्पून, म्हणजे पकड घेणारा आकडा, डेकच्या जाळीत रुतलेला, आणि पुढचं चाक आडवं वळवून सगळं हेलिकॉप्टर त्या हार्पूनभोवती वाऱ्याकडे फिरवता यायचं. परीक्षेत लिहिताना हँगरची गोष्ट विसरू नका: आत नेण्यासाठी तीच मुख्य चाकं हातानं सरळ करावी लागत.

ब्रेकचं तेल मोटारीच्या दुकानात निम्म्या किमतीत मिळतं. ‘सगळं एकच असतं’ असं दुकानदार म्हणतो. (वाचक, ठाणे)

दुकानदाराला हेलिकॉप्टरमध्ये बसवा, मग विचारा. मोटारीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारलेलं. हेलिकॉप्टरांत सहसा लाल रंगाचं हायड्रॉलिक तेल असतं, आणि सील त्या तेलासाठी बनवलेली असतात. चुकीचं तेल घातलं की सील नासतात. एकदा पडलं असेल तर नुसतं काढून भागत नाही. पेडल दाबू नका, इंजिनिअरला बोलवा. ‘ओरिजिनलसारखेच’ पॅड विकणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: सीए फॉर्म १, म्हणजे सुट्या भागाचं अधिकृत प्रमाणपत्र, आहे का? बहुतेक जण तिथेच फोन ठेवतात.

दोन आठवड्यांपासून डावं पेडल स्पंजासारखं लागतं, दोनदा दाबलं की ठीक होतं. पुढच्या इन्स्पेक्शनपर्यंत चालेल का? (नाव देऊ नये)

नाही. नळीत हवा आहे किंवा तेल कुठेतरी गळतंय. लॉगबुकात आज नोंद करा, आज इंजिनिअरला दाखवा. आणि हे पत्र लिहिण्याआधी दोन आठवडे कशाची वाट पाहत होतात?