अमेरिकेत ड्रगविषयक कायदे बदलू पाहणाऱ्या छोट्या संस्थेला अनुदान मिळतं का? अर्जात लॉबिंगचा, म्हणजे कायदा बदलावा म्हणून आमदारांना गळ घालण्याचा, उल्लेख करावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुमचा सहा-सात जणांचा गट अमेरिकेतल्या एका राज्यात ओव्हरडोसने होणारे मृत्यू थांबवण्यासाठी धडपडतोय. नालोक्सोन (ओव्हरडोस उतरवणारं औषध) आणि ड्रग टोचून घेणाऱ्यांना निर्जंतुक सुया वाटायला थोडेफार पैसे मिळतात, पण राज्याचा कायदा बदलायचाय म्हटलं की देणारे मागे सरतात. मग हे काम अर्जात लिहावं की दुसऱ्या नावाखाली घालावं?

लिहा, स्पष्ट लिहा. मी अशाच एका छोट्या संस्थेसाठी आठ वर्षं अनुदानाचे अर्ज लिहिले आणि त्यातली पहिली दोन वर्षं लपवण्यात घालवली. आमदारांना भेटायला जाणं आमच्या कागदावर 'जनजागृती' व्हायचं. एकदा एका फाउंडेशनच्या, म्हणजे अनुदान देणाऱ्या संस्थेच्या, अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याने फोनवर साधा प्रश्न विचारला, जागृती नक्की कोणाची करणार आणि त्यानंतर काय बदलेल? माझ्याकडे उत्तर होतं, पण अर्जात ते नव्हतं. तो अर्ज गेलाच, आणि ज्यांच्यासाठी तो लिहिला होता त्यांचं एक वर्षही त्याबरोबर गेलं. त्याची बोच अजून आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

करमाफी असलेल्या, म्हणजे ५०१(सी)(३) दर्जाच्या सार्वजनिक संस्थेला लॉबिंग करता येतच नाही हा समज सगळीकडे पसरलाय. तो चुकीचा आहे. बंदी आहे ती निवडणुकीत उमेदवाराची बाजू घेण्यावर, आणि ती पूर्ण बंदी आहे. लॉबिंगवर फक्त मर्यादा आहे. १९७६ पासून संस्थेला ५०१(एच) हा पर्याय निवडता येतो. त्यासाठी फॉर्म ५७६८ भरावा लागतो आणि तो भरायला दहा मिनिटं पुरतात. तो भरला नाही तर 'कामाचा मोठा भाग लॉबिंग नसावा' असा मोघम नियम लागू होतो, आणि मोघम नियमाला विश्वस्त घाबरणारच. भरला की सरळ हिशेब होतो: संस्थेच्या कामावरच्या वार्षिक खर्चाच्या पहिल्या ५ लाख डॉलरपैकी २० टक्के लॉबिंगवर खर्चता येतात. तुमचा खर्च २ लाख डॉलर असेल तर ४० हजार. त्यातले १० हजारांपर्यंत 'तुमच्या आमदाराला फोन करा' असं सर्वसामान्य लोकांना सांगण्यावर घालता येतात. मोजला जातो तो खर्च. स्वयंसेवकांनी फुकट दिलेला वेळ यात धरत नाहीत, आणि तुमच्यासारख्या गटाचं निम्मं काम तर त्याच वेळावर चालतं.

शिवाय बरंच काही लॉबिंगमध्ये मोडतच नाही. विधिमंडळाच्या समितीने लेखी विनंती करून तज्ज्ञ म्हणून बोलावलं आणि तुम्ही साक्ष दिली, तर ते लॉबिंग नाही. दोन्ही बाजूंची माहिती प्रामाणिकपणे मांडणारा अभ्यास म्हणजे लॉबिंग नाही. आरोग्य खात्याला नियम बदलायला सांगणंही नाही, आणि नालोक्सोनच्या उपलब्धतेच्या कितीतरी अडचणी कायद्याच्या नसून अशा नियमांच्याच असतात. आधी हिशेब मांडून बघा. तुम्ही ज्याला लॉबिंग समजताय त्यातलं खूप काही त्या व्याख्येबाहेर निघेल.

आता देणाऱ्यांची भीती. खाजगी फाउंडेशनला लॉबिंगसाठी म्हणून राखून पैसे देता येत नाहीत, एवढं खरं. पण संस्थेच्या सर्वसाधारण खर्चासाठी ती अनुदान देऊ शकते, आणि त्या पैशातून संस्था आपल्या मर्यादेत लॉबिंग करू शकते. विशिष्ट प्रकल्पासाठीही वाट आहे. प्रकल्प ६० हजारांचा आणि त्यात लॉबिंग १५ हजारांचं असेल, तर फाउंडेशन उरलेल्या ४५ हजारांपर्यंत देऊ शकते. त्यासाठी अंदाजपत्रकात लॉबिंगची ओळ वेगळी दिसली पाहिजे. म्हणजे ज्या ओळीला तुम्ही घाबरताय, तीच देणाऱ्याचं काम सोपं करते! कम्युनिटी फाउंडेशन (एखाद्या भागातल्या अनेकांच्या देणग्या एकत्र करून वाटणारी संस्था) कायद्याने सार्वजनिक संस्थाच असते, तिच्यावर खाजगी फाउंडेशनइतकी बंधनं नाहीत. तिथे आधी विचारा.

तुमचा स्वतःचा ५०१(सी)(३) दर्जा अजून नसेल तर एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली, म्हणजे फिस्कल स्पॉन्सरमार्फत, पैसे घेता येतात. मात्र तुमचं लॉबिंग मग त्यांच्या मर्यादेत मोजलं जाईल, तेव्हा आधीच बोलून घ्या.

या क्षेत्रात देणारे मोजकेच आहेत. ड्रग पॉलिसी अलायन्स ही संस्था २००० साली लिंडस्मिथ सेंटर आणि ड्रग पॉलिसी फाउंडेशन यांच्या विलीनीकरणातून झाली. ती स्वतः मोहिमा चालवते आणि धोरणबदलावर काम करणाऱ्या छोट्या संघटनांना अनुदानही देत आली आहे. सुया वाटणाऱ्या केंद्रांना एड्स युनायटेड ही संस्था सिरिंज ॲक्सेस फंडातून अनुदान देत आली आहे. संघराज्य सरकारच्या पैशावर धोरणाच्या कामाची आशा ठेवू नका, तो लॉबिंगला वापरताच येत नाही. सुयांच्या बाबतीत तर १९८८ पासून बंदी होती. २००९ मध्ये ती उठली, २०११ च्या शेवटी परत आली, आणि २०१५ च्या अखेरीस एवढंच झालं की केंद्र चालवायला पैसे मिळू लागले, सुया विकत घ्यायला नाहीत.

याहून मोठी काळजी मला वेगळीच वाटते. हे सगळं क्षेत्र दोन-चार श्रीमंत माणसांच्या इच्छेवर उभं राहिलं. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन २१५ हा प्रस्ताव मंजूर करून औषधी गांजाला वाट दिली, आणि २००० मध्ये प्रपोझिशन ३६ मंजूर करून तुरुंगाऐवजी उपचाराला. दोन्हींमागे मोठा पैसा जॉर्ज सोरोस, पीटर लुईस आणि जॉन स्पर्लिंग यांचा होता. त्यांच्याविना ते झालं नसतं, हे मी कृतज्ञतेने म्हणतो. पण लुईस २०१३ मध्ये गेले, स्पर्लिंग २०१४ मध्ये, आणि सोरोस यांच्या ओपन सोसायटी फाउंडेशन्सने २०२३ मध्ये किमान ४० टक्के कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. असं काही झालं की झळ शेवटी तळाच्या संस्थेला लागते. एकाच देणाऱ्याकडून निम्म्याहून जास्त पैसा येत असेल, तर पुढचं अनुदान मिळायच्या आधी पन्नास-शंभर छोटे वैयक्तिक देणगीदार जोडा. वर्षाला वीस डॉलर देणारी आई, जिचा मुलगा गेलाय, ती अनुदानाची मुदत संपली तरी तुमच्याबरोबर राहते.

ऑरेगॉनचं उदाहरणही अर्ज लिहिताना समोर ठेवा. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे मेझर ११० हा प्रस्ताव मतदारांनी मंजूर केला, आणि जवळ थोडं ड्रग बाळगणं गुन्हा राहिलं नाही. प्रचाराला पैसा होता. पण उपचार आणि मदतीच्या सेवांसाठीचा निधी संस्थांपर्यंत पोचायला फार उशीर झाला, लोकांना रस्त्यावर फक्त अडचण दिसत राहिली, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून ते पुन्हा गुन्हा ठरलं. उशीर हेच एकमेव कारण नव्हतं, पण ते आधीच दिसायला हवं होतं. म्हणून अनुदानाची मुदत कायदा मंजूर होण्याच्या दिवशी संपत असेल तर आणखी दोन वर्षं मागा. अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला एका माणसाचा पगार तरी मागाच. आम्ही तो मागायला लागलो तेव्हा कोणी चिडलं नाही, उलट त्याबद्दलच जास्त विचारलं गेलं.

एक गोष्ट बहुतेक छोट्या गटांच्या नजरेतून सुटते. ओपिऑइडच्या, म्हणजे व्यसन लावणाऱ्या अफूजन्य वेदनाशामकांच्या, खटल्यांमधल्या तडजोडींचा पैसा राज्यांकडे आणि काउंटींकडे (आपल्या जिल्ह्यासारख्या भागांकडे) येतोय. तीन मोठे औषध वितरक १८ वर्षांत २१ अब्ज डॉलरपर्यंत देणार आहेत, जॉन्सन अँड जॉन्सन ५ अब्जांपर्यंत. यातला किमान ८५ टक्के पैसा या संकटाच्या निवारणासाठीच वापरायचा आहे, आणि मान्य खर्चांच्या यादीत नालोक्सोन आणि सुया-केंद्रं दोन्ही आहेत. तो कुठे जाईल हे अनेक ठिकाणी काउंटीची समिती ठरवते. तिथे पोलिसांची गाडी मागणारे हजर असतात. ज्यांनी स्वतः ड्रग घेतलं, ज्यांनी घरातलं माणूस गमावलं, ते क्वचितच असतात. तुमच्या गटातल्या अशा एकाला त्या समितीवर जागा मागायला लावा. मागण्यासाठी अनुदान लागत नाही, बैठकीची तारीख काउंटीच्या कार्यालयात विचारली की कळते.